पेट्रोलवर चालणाऱ्या गोल्फ कार्टमध्ये कोणते इंधन घालावे आणि तिच्याकडून किती ॲव्हरेजची अपेक्षा करावी?

अटलांटाच्या दक्षिणेस असलेल्या पीचट्री सिटीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी २००९ सालची, क्लब कार कंपनीची प्रेसेडंट ही पेट्रोलवर चालणारी कार्ट जुन्या बाजारातून घेतली आहे. आधीच्या मालकाने तिला लिफ्ट किट (गाडी उंच करणारा जोडसंच) लावून मोठी चाके बसवली आहेत आणि मागे आणखी दोघांची सीट जोडली आहे. मुलांना शाळेत सोडणे, किराणा आणणे आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना संध्याकाळी तळ्याकाठी फिरवून आणणे हा तिचा वापर. गाडी गॅलनला जेमतेम १८ मैल जाते, शेजारी मात्र ४० मैल सांगतात. पंपावर मिळणारे ८७ ऑक्टेनचे पेट्रोल भारतातल्या ९१ पेक्षा हलके असते का, प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल, घालावे का, पुण्यातल्या भावाकडून २० टक्के इथेनॉलच्या तक्रारी ऐकल्यामुळे इथे इथेनॉलविरहित पेट्रोल घ्यावे का आणि यांपैकी कशाने ॲव्हरेज वाढेल, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले आहे की दर डिसेंबरात सहा आठवडे भारतात जाऊन आल्यावर गाडी सुरू होताना फार त्रास देते आणि नंतरही बरेच दिवस चोक ओढल्याशिवाय नीट चालत नाही.

जॉर्जियात गोल्फ कार्ट आणि लहान इंजिने दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे आणि माझ्या दृष्टीने हे शेवटचे वाक्यच सर्वांत महत्त्वाचे आहे. पेट्रोलचा प्रकार आणि ॲव्हरेज यांचा संबंध लोक समजतात तितका थेट नाही. कोणत्या नोझलचे पेट्रोल घालावे हा मुख्यतः उभ्या गाडीच्या आरोग्याचा प्रश्न आहे, तर ॲव्हरेज हा चालत्या यंत्राचा, म्हणजे हवा, ब्रेक, बेल्ट, चाके आणि चालवणाऱ्याच्या पायाचा प्रश्न आहे. या दोन्हींना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे शिळे पेट्रोल. तुमच्या गाडीत तोच दुवा काम करत असावा असा माझा अंदाज आहे आणि पुढे मी तो कारणांसह मांडतो.

प्रथम हे स्पष्ट करतो की सर्व कार्टना लागू पडेल असा ॲव्हरेजचा एकच आकडा नसतो. दोन सीटची, मूळ चाकांची, सपाट रस्त्यावर चालणारी आणि नीट ट्यून केलेली कार्ब्युरेटरची गाडी गॅलनला ३० ते ४० मैल, म्हणजे लिटरला साधारण १३ ते १७ किलोमीटर देते. फ्यूएल इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्या याहून चांगला आकडा देतात. उलट लिफ्ट किट, मोठी चाके, चार माणसे आणि चढउताराचा रस्ता असेल तर २० ते २५ मैलांना मी वाईट म्हणणार नाही. पीचट्री सिटीतले सुमारे १०० मैलांचे कार्टमार्ग झाडीतून, पुलांवरून आणि भुयारी वाटांतून जातात आणि ते गोल्फच्या मैदानासारखे सपाट नाहीत. तेव्हा शेजाऱ्यांचे ४० आणि तुमचे १८ यांची थेट तुलना योग्य नाही. तरीही १८ कमीच आहेत. माझ्या अंदाजाने तुमची गाडी आहे त्या रूपात २४-२५ पर्यंत यायला हवी. शेजाऱ्यांचा आकडा गाठण्याच्या मागे न लागता एवढ्या फरकाचे कारण शोधणे हे आपले काम आहे.

आता ऑक्टेनचा प्रश्न. भारतात पंपावर लिहिलेला आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीने मोजलेला असतो. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन वेगवेगळ्या चाचण्यांच्या आकड्यांची सरासरी लिहितात. दुसऱ्या चाचणीचा आकडा सहसा आठ ते दहाने कमी येत असल्यामुळे ही सरासरी आरओएनपेक्षा चार-पाच अंकांनी कमी दिसते. म्हणून इथले ८७ हे भारतीय मोजमापात साधारण ९१ ते ९२ असते. इथले साधे पेट्रोल भारतातल्या ९१ च्या पेट्रोलपेक्षा हलके आहे हा समज केवळ मोजमापाच्या या फरकातून होतो. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीय ग्राहकाच्या मनात मी तो पाहिला आहे.

ऑक्टेन हे इंधनातील शक्तीचे माप नाही, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सिलिंडरमध्ये दाबले गेलेले मिश्रण ठिणगी पडण्याआधी किंवा भलत्या ठिकाणी आपोआप पेटू नये, त्यासाठी इंधनात किती सहनशक्ती आहे, एवढेच तो आकडा सांगतो. तुमच्या गाडीत कावासाकीचे एफई २९० हे २८६ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. त्याचे कॉम्प्रेशन बेताचे आहे आणि ते ८७ ऑक्टेनसाठीच बनवलेले आहे. ज्या इंजिनात ८७ वर नॉकिंग, म्हणजे असे आपोआप पेटणे, होतच नाही, त्यात प्रीमियमचे ९३ घातल्याने थांबवण्यासारखे काही उरत नाही. आधुनिक मोटारींमध्ये नॉक सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून संगणक ठिणगीची वेळ पुढेमागे करतो, त्यामुळे काही मोटारींना प्रीमियमचा थोडा फायदा होतो. तुमच्या कार्टमध्ये यांतले काहीच नाही. भारतात एक्सपी-९५ किंवा स्पीडसारखे महागडे पेट्रोल घालून गाडी हलकी चालते असे अनेकांना वाटते. तो अनुभव कोणत्या गाडीचा होता यावर मी वाद घालणार नाही, पण या इंजिनाला तो लागू नाही. प्रीमियमने नुकसानही होत नाही, फक्त पैसे जातात.

इथेनॉलकडे मात्र लक्ष द्यायला हवे. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि कार्टचे उत्पादक तेवढे चालते असेच सांगतात. आकारमानाने पाहिले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून १० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज साधारण ३ टक्क्यांनी कमी होते. १८ च्या ३ टक्के म्हणजे अर्धा मैल. तुमच्या गाडीचे जे सहा-सात मैल हरवले आहेत, ते इथेनॉलने नेलेले नाहीत.

काळजी घ्यायची आहे ती १५ टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. पंपावर ते अनेकदा ८८ ऑक्टेन या नावाने विकले जाते आणि ८७ पेक्षा काही सेंट स्वस्तही असते. एक अंक जास्त आणि दर कमी हे पाहून माणूस साहजिकच ते उचलतो. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, ते २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी मान्य केले आहे. होड्या, मोटारसायकली, गवत कापण्याची यंत्रे आणि कार्टसारखी लहान इंजिने यांच्यासाठी ते निषिद्ध आहे आणि पंपावरच्या नारिंगी-निळ्या पट्टीवर तशी सूचना छापलेली असते. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्रांचे तुकडे, ठरलेल्या मापाचे असतात. इंधनात इथेनॉल वाढले की त्याला लागणारी हवा कमी होते, पण जेट काही आपोआप मोठे होत नाहीत. मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, इंजिन जास्त तापते आणि जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट व पंपाचा पडदा लवकर खराब होतात. पुण्यातल्या तुमच्या भावाची काळजी त्यांच्या गाडीच्या बाबतीत कितपत खरी आहे, हे ती गाडी कोणत्या साली आणि किती इथेनॉल गृहीत धरून बनवली यावर अवलंबून आहे. तुमच्या २००९ च्या कार्टपुरते सांगायचे तर १० टक्के ही मर्यादा आहे आणि तिच्या आत काळजीचे कारण नाही.

मग इथेनॉलविरहित पेट्रोल घ्यावे का? आधी हिशेब पाहू. तुम्ही वर्षाला १,५०० मैल चालवता असे धरले तर १८ च्या ॲव्हरेजने सुमारे ८३ गॅलन लागतात. इथेनॉलविरहित पेट्रोलने ३ टक्के वाचले तरी अडीच गॅलन होतात आणि गॅलनला तीन डॉलर धरले तर ही बचत साडेसात डॉलरची. ते पेट्रोल गॅलनला एक डॉलरने महाग पडते असे धरा, म्हणजे वर्षाला ८३ डॉलर जास्त गेले. प्रीमियममध्ये तर ते साडेसात डॉलरही परत मिळत नाहीत. उलट गाडी नीट करून १८ चे २५ झाले तर ८३ ऐवजी ६० गॅलन लागतील आणि २३ गॅलन, म्हणजे सुमारे ७० डॉलर, दरवर्षी वाचतील. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीत गजबजलेल्या पंपावरचे साधे ८७ घाला, असाच माझा सल्ला असतो. जिथे विक्री जास्त असते तिथे पेट्रोल ताजे असते आणि लहान इंजिनाला ताजेपणा कोणत्याही वाढीव अंकापेक्षा जास्त उपयोगी पडतो. इथेनॉलविरहित पेट्रोलची खरी जागा गाडी उभी राहणार असते तेव्हा आहे.

याचे कारण समजण्यासाठी उभ्या गाडीत पेट्रोलचे काय होते ते पाहावे लागेल. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण असते. त्यातले हलके, चटकन उडणारे घटकच थंड इंजिन पेटवतात आणि टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असल्यामुळे सर्वांत आधी उडून जातात तेही हेच. उरलेल्या पेट्रोलचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. इथेनॉल असेल तर ते त्यात ओलावाही धरून ठेवते. साधारण १५-१६ अंश सेल्सियसला १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सुमारे अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकते, म्हणजे गॅलनला साधारण १९ मिलिलिटर, चहाचे जेमतेम चार चमचे. त्याहून जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल राहते. तळातले ते पाणी इंजिनात गेले की गाडी चालत नाही. तरीही सगळा दोष इथेनॉलवर टाकणे मला पटत नाही, कारण इथेनॉलविरहित पेट्रोलही शिळे होतेच, फक्त जरा उशिरा होते.

टाकीपेक्षा कार्ब्युरेटरची स्थिती आणखी बिकट असते. टाकीत काही गॅलन पेट्रोल असते, कार्ब्युरेटरच्या वाटीत अगदी थोडे. सहा आठवड्यांत ते बहुतेक उडून जाते आणि तळाला पिवळसर, वार्निशसारखा थर राहतो. माझ्या टेबलावर येणारा असा कार्ब्युरेटर उघडला की आधी आंबट वास येतो, मग वाटीच्या तळाशी मधासारखा रंग दिसतो आणि पायलट जेट (सुरू होताना आणि हळू चालताना पेट्रोल देणारे) काढून उजेडासमोर धरले तर त्याच्या बारीक छिद्रातून प्रकाश येत नाही किंवा अर्धवट येतो. मुख्य जेटचे छिद्र मोठे असल्यामुळे ते सहसा वाचते. म्हणून गाडी वेगात बरी चालते, पण सुरू होताना आणि हळू चालवताना अडखळते. तुमच्या तक्रारीचे वर्णन नेमके असेच आहे.

आता ॲव्हरेजचा धागा इथे जोडा. पायलट जेट अर्धे बुजलेले असल्यामुळे इंधन कमी पडते, म्हणून तुम्ही चोक ओढता. चोक हवा कमी करतो, मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते, आणि गाडी चालू लागते. पण हा उपाय आठवडाभर किंवा महिनाभर चालला तर प्रत्येक फेरीत न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जाते. त्यात कार्टची रचना अशी की पेडल दाबले की स्टार्टर-जनरेटर इंजिन फिरवतो आणि पाय काढला की इंजिन बंद होते. म्हणजे प्रत्येक थांब्यानंतर नव्याने सुरुवात आणि प्रत्येक सुरुवातीला चोकची गरज. काही गाड्यांत चोकची केबल गंजून अडकते आणि दांडा मागे गेला तरी आतली झडप अर्धी बंदच राहते. वर्षभर असे चालले तर मालकाला पत्ता लागत नाही, फक्त पेट्रोल जास्त लागते.

ही शंका खरी आहे का, ते स्पार्क प्लग सांगेल. गाडी नेहमीसारखी दहा-पंधरा मिनिटे चालवा, चोक न वापरता घरी या, इंजिन निवू द्या आणि प्लग काढून त्याचे टोक पाहा. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. बोटाला लागेल अशी कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढराशुभ्र असेल तर कमी जाते आहे. ओलसर, तेलकट काळेपणा मात्र वेगळा असतो. तो इंजिन ऑइल जळत असल्याचे लक्षण आहे आणि त्याचा इंधनाच्या निवडीशी संबंध नाही.

प्लग काळा निघाला तर कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर पाहा. ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे आणि लोक सर्वांत जास्त विसरतात तीच. कार्ब्युरेटरच्या गाडीत घाण फिल्टर अर्ध्या ओढलेल्या चोकसारखेच काम करतो. त्यानंतर चोकची झडप पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी पाहा, दांड्याच्या जागेवर विश्वास ठेवू नका. मग इंजिन ऑइलची कांडी काढून तिचा वास घ्या. या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्या आतील हवेच्या दाबाच्या स्पंदनांवर चालतो. त्याचा रबरी पडदा फाटला तर पेट्रोल त्याच नळीने उलट इंजिनात शिरते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर गाडी चालवणे तिथेच थांबवा, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही. वाटी भरल्यावर पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई नीट बंद होत नसेल तरीही हेच लक्षण दिसते. पंप किंवा सुई बदलून, ऑइल टाकून नवे भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इंधनाची बाजू ठीक निघाली तर गाडीला कशाचा विरोध होतो आहे ते शोधावे लागेल. सपाट सिमेंटवर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, पार्किंग ब्रेक सोडून एका हाताने ढकला. एका निरोगी माणसाला ती फारसा जोर न लावता ढकलता आली पाहिजे. नाही आली तर पुढच्या चाकांना अडकण म्हणून ठोकळे लावून मागची बाजू जॅकवर घ्या आणि प्रत्येक मागचे चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येणारे चाक म्हणजे ड्रम ब्रेकची केबल गंजलेली किंवा फार ताणलेली. जॉर्जियातल्या दमट उन्हाळ्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास आढळते आणि चालवताना कळत नाही, कारण इंजिन तो विरोध मुकाट्याने ओढत राहते.

टायरमधील हवेचेही तसेच आहे. मूळच्या ८ इंची रिमच्या टायरमध्ये साधारण १८ ते २२ पीएसआय ठेवतात. तुमचे टायर मोठे आहेत, तेव्हा बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा पाहून तिच्या आत, चारही चाकांत शिफारशीप्रमाणे हवा ठेवा. जाड खाचांचे, चिखलासाठी बनवलेले टायर तुम्ही फक्त डांबरी वाटांवर चालवत असाल तर ते बदलून रस्त्यासाठीचे टायर घेण्याचा विचार जरूर करा. लिफ्ट किट काढा असे मी म्हणणार नाही, पण त्या मोठ्या चाकांनी गिअरचे प्रमाण बदलले आहे आणि प्रत्येक चढावर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, हे ॲव्हरेज मोजताना ध्यानात ठेवा.

बेल्ट ही शेवटची तपासणी. तो झिजून अरुंद झाला किंवा त्याच्या कडा चकाकू लागल्या की तो घसरतो आणि क्लचच्या पुल्यांमध्ये जिथे बसायला हवा त्यापेक्षा खाली बसतो, त्यामुळे तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर बेल्ट बदला. क्लचला कधीही ग्रीस किंवा तेल लावू नका. याच ओघात गव्हर्नरबद्दल, म्हणजे इंजिनाच्या वेगाला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेबद्दल, सांगतो. अनेक जण गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवतात. तुमच्या आधीच्या मालकाने तसे केले असण्याची शक्यता आहे, कारण लिफ्ट किट लावणाऱ्यांना तो मोह होतो. वेग वाढला की पेट्रोल वाढतेच, पण मागच्या सीटवर वृद्ध आईवडील आणि मुले बसत असताना, फक्त मागच्या चाकांना ब्रेक असलेली, उंच केलेली गाडी तिच्या मूळ वेगापेक्षा जोरात पळवणे धोक्याचे आहे. ती स्प्रिंग पूर्ववत करून घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

ॲव्हरेज मोजण्याची तुमची पद्धत तुम्ही लिहिलेली नाही. बहुतेक कार्टना मैल मोजणारे मीटर नसते आणि टाकीवरचा काटा अंदाजे असतो. पाव टाकीच्या हिशेबाने काढलेला आकडा सहज एक चतुर्थांश चुकू शकतो. टाकी भरताना गाडी सपाट जागी उभी करा, पेट्रोल मानेखालच्या एका ठराविक खुणेपर्यंतच भरा, फोनवरच्या जीपीएस ॲपने प्रत्येक फेरीचे अंतर नोंदवा आणि टाकी बरीच रिकामी झाल्यावर त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. पंपाने दाखवलेल्या गॅलनने मैलांना भागा. असे दोन-तीन टाक्यांचे आकडे मिळून सरासरी काढली तरच ती विश्वासार्ह होते. दुरुस्तीपूर्वी एकदा आणि नंतर एकदा असे करा, म्हणजे कोणत्या कामाने किती फरक पडला ते कळेल.

चालवण्याच्या सवयींवर मी फार लिहीत नाही. इंजिन तापण्याआधीच संपणाऱ्या अर्ध्या मैलाच्या सुट्या फेऱ्या सर्वांत महाग पडतात, तेव्हा शाळा आणि किराणा एकाच फेरीत जमत असेल तर तसे करा.

आता डिसेंबरचा प्रश्न. निघण्याच्या आठवड्यात टाकीतले पेट्रोल शक्य तितके वापरून संपवा. मग इथेनॉलविरहित पेट्रोल भरा आणि त्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात फ्यूएल स्टॅबिलायझर घाला. टाकी जवळजवळ भरलेली ठेवा, म्हणजे वरची मोकळी हवा आणि तिच्यातला ओलावा कमी राहतो. नंतर गाडी पाच-दहा मिनिटे चालवा, नाहीतर स्टॅबिलायझर टाकीतच राहतो आणि जिथे त्याची गरज सर्वांत जास्त त्या कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही. यानंतर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतले पेट्रोल काढून टाकावे की भरलेले ठेवावे, यावर माझ्या व्यवसायात दोन मते आहेत. रिकाम्या वाटीत गॅस्केट सुकतात असे काही जण म्हणतात. महिन्याहून जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर मी वाटी रिकामी करतो, कारण सुकलेले गॅस्केट बदलणे बुजलेले जेट साफ करण्यापेक्षा सोपे आहे. परत आल्यावर वाटी भरायला पंपाला थोडा वेळ लागेल. तेव्हा पेडल सलग दाबून धरू नका, काही सेकंद फिरवा आणि थांबा, म्हणजे स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही वाचतील.

स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलला टिकवतो, शिळ्याला ताजे करत नाही. म्हणून यंदा आधीच शिळे झालेले पेट्रोल काढावेच लागेल. काढताना थोडे पारदर्शक काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे आणि मग टाकीही पूर्ण रिकामी करून पुसून घ्यावी लागेल. हे पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका. घातक घरगुती कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या. हे सर्व काम गॅरेजचे दार उघडून, शक्यतो बाहेर करा. इथल्या अनेक घरांत गॅसवरचा पाणी तापवण्याचा बंब गॅरेजमध्येच असतो आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत त्याच्या ज्योतीपर्यंत जाते. पेट्रोलचा डबा भरतानाही तो कार्टच्या सीटवर न ठेवता जमिनीवर ठेवून भरा.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर कार्टमालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. १९९० च्या आसपासपर्यंतच्या ई-झी-गो आणि यामाहाच्या जी-१ सारख्या जुन्या गाड्या टू-स्ट्रोक आहेत. त्यांना पेट्रोलबरोबर टू-स्ट्रोक ऑइल लागते, काहींत ते मिसळावे लागते आणि काहींत वेगळ्या टाकीतून आपोआप जाते. तुमच्या फोर-स्ट्रोक गाडीत मात्र पेट्रोलमध्ये ऑइल कधीही मिसळू नका.

आधी फिल्टर, प्लग आणि चोक पाहा, मग ऑइलचा वास घ्या, मग ढकलून पाहा आणि त्यानंतरच कार्ब्युरेटर उघडा. पायलट जेट साफ करताना त्यात तार किंवा सुई घालू नका, छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी असते आणि तेवढ्याने उघडले नाही तर नवे जेट काही डॉलरमध्ये मिळते. प्लगचा रंग, बरणीत थर दिसला की नाही आणि खुणेपर्यंत भरून काढलेला नवा आकडा, या तीन गोष्टी कळवा. प्लग तपकिरी आणि चाके मोकळी असूनही आकडा २० च्या आतच राहिला तर पुढची पायरी व्हॉल्व्हचे अंतर आणि कॉम्प्रेशन मोजण्याची आहे आणि ते कसे करायचे ते मी सविस्तर लिहीन.